रानातल्या पाइनचे काय खावे आणि काय टाळावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : रानात आपसूक वाढलेल्या पाइनच्या झाडाच्या सुया, साल, पराग, कोवळे शंकू आणि बिया हे सगळेच खाण्याजोगे असते असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते, ते कितपत खरे मानावे, आणि प्रत्यक्ष वापर करायचा झाल्यास कोणता भाग कधी, कसा आणि किती घ्यावा?

वन्य खाद्यवनस्पतींच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, हे विधान खोटे नसले तरी दिशाभूल करणारे आहे. एखादी वस्तू पोटात गेल्याने अपाय न होणे, तिने पदार्थाला स्वाद येणे आणि तिने माणसाचे पोट भरणे या तीन निरनिराळ्या गोष्टी असून या याद्यांमध्ये त्या सरसकट एकत्र केलेल्या असतात. पाइनच्या बाबतीत पोट भरणारा भाग एकच, तो म्हणजे बी. सुया, कोंब आणि कोवळे शंकू यांचा उपयोग स्वादापुरता आहे. पराग हा हौसेचा प्रकार आहे, अंतर्साल प्रामुख्याने टंचाईच्या दिवसांत कामी आलेली आहे, आणि राळ ही तर खाण्याची वस्तूच नव्हे. पुढचे सर्व विवेचन याच क्रमाने केले आहे; मात्र त्याआधी झाडाच्या ओळखीविषयी लिहिणे भाग आहे, कारण या विषयातले गंभीर अपघात पाइन खाल्ल्याने होण्यापेक्षा पाइन समजून दुसरेच काही खाल्ल्याने होण्याचा संभव अधिक असतो.

पाइन म्हणजे पायनस या प्रजातीतील झाडे. तिच्यात शंभराहून अधिक जाती असून त्या जवळजवळ सर्व उत्तर गोलार्धातल्या आहेत. या झाडांची सर्वांत भरवशाची खूण सुयांमध्ये असते. पाइनच्या सुया फांदीवर सहसा एकेकट्या येत नाहीत, तर दोन, तीन किंवा पाच सुयांचा जुडगा असतो आणि त्याच्या बुडाशी कागदासारखे पातळ आवरण असते. पाच सुयांच्या जातींत आणि इतर काही जातींत हे आवरण लवकर गळून जाते, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. एक जुडगा अलगद उपटून त्यातल्या सुया पुन्हा एकमेकींना चिकटवून पाहाव्यात. त्या मिळून एक पूर्ण गोल काडी तयार होते. दोन सुयांच्या जातीत प्रत्येक सुईचा छेद अर्धगोल असतो, तर तीन किंवा पाच सुयांच्या जातीत तो पाचरीसारखा असतो. बोटांच्या चिमटीत सुई फिरवून पाहिली तरी तिच्या कडा जाणवतात. हिमालयातल्या जातींपैकी चीड म्हणजे चीर पाइनला तीन सुया असतात आणि त्या वीस ते तीस सेंटिमीटर इतक्या लांब असतात. कैल या निळसर पाइनला पाच नाजूक, खाली लोंबणाऱ्या सुया असतात. चिलगोजाला पुन्हा तीनच, पण आखूड आणि ताठ सुया असतात, आणि त्याची साल पापुद्र्यांनी सुटून खोडावर करडे, हिरवट ठिगळ दिसतात.

ज्याच्याशी गल्लत मुळीच होऊ नये असे झाड म्हणजे यू, ज्याला हिमालयात थुनेर म्हणतात. त्याची पाने चपटी असून एकेकटी, फांदीच्या दोन्ही अंगांना ओळीने लागलेली दिसतात. त्याला लाकडी शंकू नसतो, तर बीभोवती लाल, मांसल वाटी असते. या झाडातल्या टॅक्सीन या अल्कलॉइडांमुळे हृदयाची लय बिघडते, पाने वाळल्यावरही विष कमी होत नाही, आणि त्यावर नेमका उतारा उपलब्ध नाही. देवदाराच्या सुयांचेही झुपके असतात, पण एकेका झुपक्यात त्या वीस-तीस किंवा त्याहून अधिक असतात. सुरूच्या झाडाला लांबून पाहणारे अनेकजण पाइन म्हणतात. त्याच्या तथाकथित सुया म्हणजे वस्तुतः सांधे असलेल्या बारीक फांद्या असून त्या ओढल्या की सांध्यासांध्याशी सुटतात. कुंड्यांतून मिळणारे नॉरफोक आयलंड पाइन हे नाव काहीही असले तरी पाइन नाही, आणि मोरपंखीत थुजोन हे मज्जासंस्थेला अपायकारक द्रव्य असल्यामुळे तिचा काढा करू नये. झाडाची ओळख निःसंशय पटली नसेल, तर या उत्तरातले पुढचे काहीही आचरणात आणू नये.

आता बियांकडे वळतो. पाइनच्या बहुतेक जातींच्या बिया इतक्या लहान असतात की त्या सोलण्यात जितकी शक्ती खर्च होते तितकी त्या खाऊन परत मिळत नाही. खाण्यासाठी गोळा करण्याजोग्या मोठ्या बिया वीसेक जातींनाच येतात. भूमध्य समुद्राच्या भोवतालचा स्टोन पाइन, ईशान्य चीन, कोरिया आणि रशियाच्या अतिपूर्वेचा कोरियन पाइन, सायबेरियातला सायबेरियन पाइन, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले आणि मेक्सिकोतले पिन्यन पाइन, आणि वायव्य हिमालय ते अफगाणिस्तान या पट्ट्यातला चिलगोजा ही त्यांतली मुख्य नावे आहेत. चीडाच्या बिया विषारी नाहीत आणि भाजून खाल्ल्याही जातात. पण त्या लहान असतात, त्यांना पंख असतो आणि चवीला टर्पेंटाइनची झाक असते, त्यामुळे मुद्दाम गोळा करण्याइतके त्यांच्यात काही आहे असे मला वाटत नाही.

बियांचे पोषणमूल्य मात्र खरोखरच मोठे आहे. बाजारात मिळणाऱ्या सोललेल्या पाइनबियांच्या शंभर ग्रॅममधून सुमारे ६७० किलोकॅलरी ऊर्जा, ६८ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने मिळतात. जातीनुसार यात पुष्कळ फरक पडतो : स्टोन पाइनच्या बीमध्ये प्रथिनांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या पुढे जाते आणि स्निग्धांश त्या मानाने कमी असतो. नेवाडा आणि पूर्व कॅलिफोर्नियाच्या कोरड्या डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या शोशोनी आणि पायूट लोकांचा हिवाळा पिन्यनच्या बियांवर निघत असे. ते हिरवे शंकू खड्ड्यात भाजत, बिया विणलेल्या तबकात निखाऱ्यांसह उडवून परतत आणि मग दळून त्यांची पेज करत. झाडावर अवलंबून राहण्यात एक अडचण होती, ती अशी की पाइनला दरवर्षी सारखा बहर येत नाही. एक भरघोस वर्ष येऊन गेले की पुढची काही वर्षे झाड जेमतेमच देते. म्हणून एका वर्षाचा अनुभव घेऊन एखाद्या रानाविषयी मत बनवू नये.

शंकू पक्व व्हायला बहुतेक जातींत दोन वर्षे लागतात, स्टोन पाइनला तीन. शंकू उघडून बिया खाली पडेपर्यंत थांबले, तर उंदीर, खारी आणि पक्षी आपल्या आधी पोचलेले असतात. त्यामुळे शंकू पूर्ण भरलेला, जड, पण खवले अजून मिटलेले असताना, म्हणजे हिरवा रंग तपकिरीकडे झुकू लागला की तो काढतात. असे शंकू कडक उन्हात एका थरात पसरून ठेवले, किंवा विस्तवाच्या कडेला फिरवत शेकले, की खवले एकामागून एक उकलतात आणि कधीकधी त्यांचा तडतड आवाजही ऐकू येतो. प्रत्येक भरलेल्या खवल्याच्या आतल्या बाजूला दोन बिया असतात. शंकूच्या बुडाकडचे आणि टोकाकडचे खवले बहुधा रिकामे निघतात, तेव्हा तिथे नखे मोडत बसू नये. शंकू उलटा धरून दगडावर आपटला की बहुतेक बिया गळतात.

यानंतरची पायरी नवशिके टाळतात आणि पस्तावतात. बाहेरून सगळ्या बिया सारख्या दिसल्या, तरी त्यांपैकी बऱ्याच पोकळ असू शकतात, कारण परागण नीट झाले नसले तरी कवच तयार होते. सगळ्या बिया भांड्यात घेऊन वर पाणी ओतावे आणि हाताने ढवळावे. तरंगणाऱ्या बिया टाकून द्याव्यात आणि बुडालेल्या लगेच निथळून वाळवाव्यात. पिन्यनमध्ये रंगावरूनही अंदाज येतो, गडद तपकिरी बी भरलेली आणि फिकट बी बहुधा पोकळ. वाळलेल्या बिया जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर, सतत हलवत, कवचाला बारीक तडा जाईपर्यंतच भाजाव्यात. आच मोठी झाली की आतले तेल जळते आणि गर कडवट होतो. या सगळ्या कामात हाताला लागणारी राळ पाण्याने आणि साबणाने निघत नाही. आधी खाद्यतेल चोळून ती विरघळवावी आणि मग साबण लावावा.

साठवणीविषयी एवढेच लक्षात ठेवावे की बीतले तेल असंतृप्त असल्यामुळे हवा, उजेड आणि ऊब यांनी ते लवकर खवट होते. कवचासकट, कोरड्या आणि थंड जागी ठेवलेली बी काही महिने चांगली राहते. सोललेली बी मात्र हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये, आणि अधिक काळ ठेवायची असेल तर फ्रीझरमध्ये ठेवावी. वास तैलरंगासारखा येऊ लागला किंवा बुरशी दिसली, तर भाजून सुधारेल या आशेवर ती खाऊ नये.

बियांच्या बाबतीत आणखी एक चमत्कारिक प्रकार माहीत असलेला बरा. काहीजणांना पाइनबिया खाल्ल्यानंतर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी तोंडात कडू, धातूसारखी चव येऊ लागते आणि पुढे काही खाल्ले-प्याले की ती वाढते. हा त्रास काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत टिकतो आणि आपोआप जातो. वैद्यकीय साहित्यात त्याची पहिली नोंद २००१ मध्ये झाली, आणि चीनमधल्या आर्मंड पाइनच्या बियांशी त्याचा संबंध लावला गेला आहे. नेमके कोणते द्रव्य त्याला कारण आहे हे ठरलेले नसले, तरी यात कायमची इजा होत नाही. चव गेली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण उरलेल्या बिया पुन्हा खाऊन पाहण्याचेही कारण नाही.

चिलगोजाविषयी थोडे वेगळे लिहावेसे वाटते. हिमाचल प्रदेशातील किन्नौर आणि चंबा जिल्ह्यातील पांगी, तसेच पाकिस्तानातील सुलेमान पर्वत आणि पूर्व अफगाणिस्तान अशा कोरड्या, पावसाळी ढग न पोचणाऱ्या खोऱ्यांत हे झाड नैसर्गिकरीत्या वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शंकू काढले जातात आणि त्या भागातल्या अनेक कुटुंबांची रोख कमाई त्यावर असते. अडचण अशी की शंकू जवळजवळ झाडून सगळे काढले जातात, ते काढताना फांद्या तुटतात, आणि जे थोडे बी जमिनीवर पडते ते प्राणी व पक्षी खातात; परिणामी जुनी झाडे उभी असली तरी त्यांच्याखाली रोपे फारशी दिसत नाहीत. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ही जाती संकटसमीप वर्गात ठेवलेली आहे. तिथे शंकू गोळा करण्याचे हक्क स्थानिक कुटुंबांचे आहेत, त्यामुळे वाटेने जाणाऱ्याने शंकू तोडण्यापेक्षा त्यांच्याकडून बी विकत घेणे हेच योग्य होय.

सुयांच्या चहाबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते आणि सर्वांत जास्त अतिशयोक्तीही तिथेच आढळते. सूचिपर्णी झाडांच्या पानांत जीवनसत्त्व सी असते ही गोष्ट निर्विवाद आहे. १५३५-३६ च्या हिवाळ्यात जाक कार्त्ये या फ्रेंच दर्यावर्दीची माणसे आजच्या क्वेबेकजवळ स्कर्व्हीने, म्हणजे जीवनसत्त्व सीच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, मरू लागली, तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांनी दाखवलेल्या एका सदाहरित झाडाच्या पानांच्या आणि सालीच्या काढ्याने उरलेले बरे झाले. ते झाड नक्की कोणते याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही, आणि ते पाइनच होते असे कुणी ठामपणे सांगत असेल तर ते मानू नये. दुसरे उदाहरण अधिक भक्कम आहे. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला असताना, १९४१ च्या अखेरीपासून तिथल्या शास्त्रज्ञांनी सूचिपर्णी झाडांच्या सुयांपासून जीवनसत्त्व सी असलेले पेय मोठ्या प्रमाणावर तयार करविले आणि ते रुग्णालयांत व कारखान्यांच्या भोजनगृहांत वाटले गेले. ते अतिशय कडू असे, पण स्कर्व्ही रोखण्याचे काम त्याने केले. ही पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे : सुया उकळल्या जात नसत, तर कुस्करून सौम्य आम्ल घातलेल्या पाण्यात भिजवून अर्क काढला जाई, कारण उष्णता, हवा आणि वेळ या तिन्हींमुळे जीवनसत्त्व सी नष्ट होते. अर्धा तास खळखळ उकळलेल्या सुयांच्या पाण्यात राळेचा वास भरपूर आणि जीवनसत्त्व मात्र थोडे उरते.

घरी करायचेच असेल तर पुढीलप्रमाणे करावे. रस्त्यापासून दूर, फवारणी न झालेल्या झाडाच्या बाजूच्या फांदीवरच्या ताज्या हिरव्या सुया घ्याव्यात, बुडाचे तपकिरी आवरण काढून टाकावे, धुऊन कात्रीने बारीक कापाव्यात. एका पेल्याला चमचाभर कापलेल्या सुया पुरेत. उकळी आलेले पाणी चुलीवरून उतरवून, क्षणभर थांबून त्यांच्यावर ओतावे, झाकण ठेवावे आणि सात-आठ मिनिटांनी गाळून घ्यावे. लिंबू पिळल्यास चवही सुधारते. पेय फिकट पिवळसर आणि सुगंधी असावे. ते घशाला खाजवणारे किंवा रंगासारख्या वासाचे झाले असेल, तर प्रमाण जास्त झाले आहे किंवा झाड त्या कामाचे नाही. अधूनमधून एखादा पेला घ्यायला हरकत नाही, पण रोजचे औषध म्हणून तो घेण्याचा सल्ला मी देत नाही. ज्याला संत्रे, पेरू किंवा आवळा मिळू शकतो त्याला जीवनसत्त्वासाठी पाइनपाशी जाण्याची गरज नाही.

करोनाच्या साथीच्या काळात सुयांच्या चहात सुरामिन असते आणि तो लसीचा किंवा विषाणूचा परिणाम नाहीसा करतो, असा मजकूर सर्वत्र फिरत होता. सुरामिन हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत प्रयोगशाळेत तयार केलेले कृत्रिम औषध असून ते आफ्रिकेतल्या निद्रारोगावर शिरेतून दिले जाते. ते पाइनमध्ये निर्माण होत नाही. हा मजकूर अजूनही अधूनमधून डोके वर काढतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

सुयांचा माझ्या दृष्टीने अधिक चांगला उपयोग त्या न खाताच होतो. कोरियात सोंगप्यॉन हे तांदळाच्या पिठाचे, आत सारण भरलेले अर्धचंद्राकृती पदार्थ वाफवताना भांड्यात पाइनच्या सुयांचा थर देतात. त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत, त्यांना मंद सुगंध येतो, आणि नंतर सुया झटकून टाकल्या जातात. याच रीतीने वाफवण्याच्या इतर पदार्थांतही सुयांचा स्वाद आणता येतो, आणि पोटात जाणारे प्रमाण नगण्य राहते.

वसंतात फांद्यांच्या टोकांना फुटणारे फिकट हिरवे कोंब सुयांपेक्षा सौम्य आणि किंचित आंबट असतात. समान वजनाच्या साखरेत त्यांचे थर देऊन बरणी काही आठवडे उन्हात ठेवली की पातळ पाक सुटतो. तो गाळून मंद आचेवर आटवला की सुंदर सरबत होते. आल्प्सच्या इटालियन बाजूला मुगो पाइनचे कोंब आणि कोवळे शंकू वापरून असाच दाट, काळसर पाक करतात आणि त्याला मुगोलिओ म्हणतात. जॉर्जिया आणि रशियात कोवळ्या हिरव्या शंकूंचा अख्खा मुरांबा करतात. त्यासाठी शंकू लाकडी होण्यापूर्वी घ्यावे लागतात, आणि त्याची कसोटी साधी आहे : सुरी आडवी घातली की शंकू काकडीसारखा सहज कापला गेला पाहिजे. सुरी अडखळली तर वेळ निघून गेली असे समजावे. शंकू धुऊन, पाणी बदलून दोन-तीनदा उकळले की राळेचा उग्रपणा उतरतो. मग ते पाकात थोडे थोडे शिजवून, मध्ये थंड होऊ देत, पुन्हा शिजवतात. पाक तांबूस होतो आणि शंकू चावता येतो. मला स्वतःला शंकूपेक्षा पाकच अधिक आवडतो.

कोंब खुडताना झाडाच्या शेंड्याचा कोंब कधीही घेऊ नये. बहुतेक पाइन जातींना सुया नसलेल्या जुन्या फांदीवर नवे अंकुर फुटत नाहीत, त्यामुळे टोक गेले की ती फांदी तिथेच थांबते आणि शेंडा गेला की झाडाचा आकार कायमचा बिघडतो. बाजूच्या फांद्यांवरचे, आणि तेही एका झाडाचे मोजकेच, कोंब घ्यावेत.

परागाचा हंगाम जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांचा असतो. नव्या कोंबांच्या बुडाशी लहान नरशंकूंचे घोस येतात. ते पिवळे होऊन टिचकी मारल्यावर धूर निघाल्यासारखा पराग उडू लागला की घोस कागदी पिशवीत घेऊन झटकावेत आणि पराग तलम चाळणीने चाळावा. पाइनच्या परागकणाला दोन हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे तो वाऱ्यावर दूरवर जातो आणि पाण्यावरही तरंगतो. कोरियातल्या जुन्या पद्धतीत याच गुणाचा उपयोग करून पराग पाण्यावर सोडतात. धूळ आणि वाळू तळाशी बसते, वरचा पराग काढून वाळवतात आणि मधात मळून साच्यात दाबलेली मिठाई करतात. रंग फार मोहक येतो. पण त्याच्या पौष्टिकतेविषयी, विशेषतः पुरुषांच्या ताकदीविषयी, जे दावे केले जातात त्यांना मी महत्त्व देत नाही, आणि ज्यांना परागाची ॲलर्जी किंवा दमा आहे त्यांनी पिशवी झटकण्याच्या कामातही भाग घेऊ नये.

आता अंतर्साल. खोडाची बाहेरची खडबडीत साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओलसर, पांढरट, गोडसर चवीचा थर असतो; पानांत तयार झालेली साखर याच थरातून मुळांकडे उतरते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, रस चढलेला असताना हा थर सहज सुटतो. उत्तर स्कँडिनेव्हियातले सामी लोक तो केवळ दुष्काळात नव्हे, तर नेहमीच्या आहाराचा एक भाग म्हणून घेत असत. ते खोडाच्या एकाच बाजूची पट्टी सोलत, त्यामुळे झाड जगत असे. तिथल्या जुन्या जंगलांत शेकडो वर्षांपूर्वीचे असे व्रण असलेली झाडे अजून उभी आहेत आणि वार्षिक वलये मोजून सोलण्याचे वर्ष ठरवता येते. फिनलंडमध्ये मात्र या सालीची आठवण दुष्काळाशी जोडलेली आहे. १८६६ ते १८६८ च्या भीषण दुष्काळात साल वाळवून, भाजून, दळून राईच्या पिठात मिसळली जाई. पीठ त्याने वाढत असे, पण साल मुख्यतः तंतूंची बनलेली असल्यामुळे आणि तिच्यात टॅनिन असल्यामुळे पोट बिघडे, आणि उपाशी शरीराला तिच्यातून फारसे पोषण मिळत नसे.

आज कुतूहलापोटी उभ्या झाडाची साल काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खोडाभोवती पूर्ण कडे सोलले गेले तर मुळांना अन्न मिळणे थांबते आणि झाड हमखास मरते. अर्धवट व्रणातून बुरशी आणि किडे शिरतात. चव पाहायचीच असेल तर वादळाने नुकत्याच पडलेल्या किंवा परवानगीने तोडलेल्या ताज्या झाडाची पाहावी. पातळ फिती काढून त्या कोरड्या तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत भाजल्या तर राळेचा दर्प बराच कमी होतो. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात साल काढणे हा गुन्हाही ठरू शकतो.

राळेविषयी थोडक्यात सांगतो. ताज्या राळेतून टर्पेंटाइन हे तेल ऊर्ध्वपातनाने काढले की मागे रोझिन उरते. यांपैकी टर्पेंटाइन पोटात जाणे धोक्याचे आहे. त्याने मूत्रपिंडांना आणि मज्जासंस्थेला इजा होते, आणि उलटी होताना ते फुप्फुसात गेले तर परिस्थिती अधिक गंभीर बनते. जंतांवर किंवा सांधेदुखीवर साखरेतून टर्पेंटाइन घेण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो कोणीही करू नये. खाद्यपदार्थांत राळेचा मान्य असा उपयोग स्वादापुरताच आहे, जसे ग्रीसमधल्या रेत्सिना या मद्यात अलेप्पो पाइनची राळ आंबवताना घालतात आणि नंतर काढून टाकतात. चीनच्या फूच्येन प्रांतातील वूयी डोंगरात लॅपसांग सूचाँग हा चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवला जातो हेही खरे, पण तो नियंत्रित आणि अप्रत्यक्ष धूर असतो. पाइनच्या सरपणावर थेट मांस किंवा कणसे भाजली तर त्यांवर काळी, कडू काजळी बसते. पाइनमुळे मिळणारा एक उत्तम पदार्थ मात्र झाडाला हातही न लावता मिळतो. तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागातल्या पाइनच्या रानांत एक खवलेकीड झाडाचा रस शोषून गोड द्रव सोडते, मधमाश्या तो गोळा करतात आणि त्यापासून गडद, फारसा न गोठणारा मध तयार होतो.

शेवटी, कोणी यापासून दूर राहावे हे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतल्या पाँडेरोसा पाइनच्या आणि आणखी काही जातींच्या सुयांत आयसोक्युप्रेसिक आम्ल असते, आणि त्या खाल्लेल्या गाभण गाईंचा गर्भपात होतो हे सिद्ध झालेले आहे. माणसांवर असे प्रयोग होऊ शकत नाहीत, म्हणून गर्भवतींनी कोणत्याही पाइनच्या सुयांचा चहा, काढा किंवा अर्क घेऊ नये. स्तन्यपान करणाऱ्या मातांनी, लहान मुलांनी आणि मूत्रपिंडांचा विकार असलेल्यांनीही तो टाळावा. पाइनबियांची ॲलर्जी तीव्र स्वरूपाची असू शकते. पूर्वी कधी त्या खाल्ल्या नसतील तर पहिल्यांदा दोन-चार बियाच खाव्यात आणि ओठांना सूज, अंगावर गांधी किंवा श्वासाला त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. झाडाच्या ओळखीत चूक झाल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता निघावे, आणि खाल्लेल्या झाडाची पाने व शक्य असल्यास फळ किंवा शंकू लागलेली एक डहाळी सोबत न्यावी, कारण यू आणि पाइन यांतला फरक ती डहाळी पाहताच कळतो आणि उपचाराची दिशा लगेच ठरवता येते.